रबकाईचा नांगर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमक्या किती ते विचारू नका, कारण तळणखेडात दोन म्हातारे एकत्र बसले की तीन आकडे सांगतात. मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली त्यानंतरचा तिसरा उन्हाळा, एवढं मात्र सगळ्यांना पाठ आहे. आणि ऐकायला बसलाच आहात तर आधीच सांगून ठेवलेलं बरं, ही गोष्ट गोड नाही. तळणखेडची माणसं आता रबकाईचं नाव निघालं की हात जोडतात, डोळे पुसतात. त्यांच्या पणजोबांनी तिला कसं वागवलं ते सांगायची वेळ आली की सगळ्यांना एकदम खोकला येतो. आपल्याला खोकला झालेला नाही, तेव्हा आपण सगळं सांगू.

तेव्हा तिला रबकाई कुणी म्हणत नव्हतं. तिचं नाव रिबका, बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं. गावाच्या जिभेवर ते नीट बसेना आणि बसवायची गावाला गरजही वाटेना, म्हणून गाव तिला रबकी म्हणे. सावळी नदीच्या काठी, गावकुसाबाहेर वीस-बावीस ख्रिस्ती घरं होती, त्यांतलं एक तिचं. पिढ्यान्‌पिढ्या गावाने ज्यांना वेशीच्या आत घेतलं नाही तीच ही माणसं. ती येशूकडे गेली तेव्हा गाव म्हणालं, ही बाटली. जणू त्याआधी गाव त्यांना पंगतीला बसवून वाढत होतं!

तिचा नवरा गिदोन मानमोडीत गेला. सकाळी ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी संपलं. त्या दिवसांत वस्तीवर रोज कुणाची ना कुणाची माती असे. ख्रिस्ती माणसाला पुरायला गावाने जागा दिली नाही. तुमचा देव नवा, तुमची जागा तुम्हीच बघा, असं सांगितलं. मग रिबकाने नवऱ्याला आपल्याच रानात पुरलं. नदीला लागून एक चिंचोळी पट्टी होती, गिदोनच्या आजोबाला गावकीच्या राबणुकीबद्दल मिळालेली. पट्टीच्या खालच्या टोकाला, जिथे काळी माती संपून कातळ सुरू होतो, तिथे गिदोनची कबर होती. वर दोन काटक्यांचा क्रूस.

आता गावचा रिवाज असा होता की रान तीन वर्षं पड राहिलं तर ते गावकीत जमा व्हायचं. गावकीत म्हणजे कुणाकडे ते फोडून सांगायला नको. पाटलाचं रान त्या पट्टीला अगदी बांधाला बांध लावून होतं. गिदोन गेल्यावर दोन वर्षं पट्टी पडच होती. या तिसऱ्या वर्षी नांगर लागला नाही तर पट्टी जाणार, आणि पाटलाचा नांगर गिदोनच्या छातीवरून फिरणार. रिबकाने उपास सोसले होते, पण हा विचार तिला सोसवेना.

तिच्याकडे नांगर होता. बैल होते, एक म्हातारा आणि एक लंगडा, पण होते. नव्हता तो फक्त नांगर धरायला पुरुष. ती वस्तीवर घरोघर फिरली. भावकीतले गडी म्हणाले, "वयनी, पाटलाची नजर हाय त्या रानावर. आमी हात लावला तर आमचं काम तुटंल." गावात तर विचारायचीच सोय नव्हती.

आणि तिने स्वतः? छे! बाईने नांगर धरायचा नाही. बाईने खुरपायचं, पेरायचं, कापायचं, मळायचं, डोक्यावर वाहून आणायचं, पण नांगराच्या रुमण्याला, म्हणजे मागच्या मुठीला, तिचा हात लागला की पाऊस फिरतो, असं म्हणतात. कोण म्हणतात? ज्यांचे हात आधीपासून रुमण्यावर होते तेच म्हणतात. एखाद्या गरिबाचा बैल मेला तर त्याची बायको जुवाला खांदा लावी, तेव्हा पाऊस बरोबर पडायचा. ओढताना बाई चाले, हाकताना चालत नसे.

काळच असा होता की पायाखालची जमीन खरी वाटत नव्हती. साथ गेली आणि अवर्षण आलं. वस्तीवरचं कोणी मुंबईच्या गिरणीची भाषा करी, कोणी म्हणे हा नवा देवही आपल्याला विसरला. अशा एका रविवारी देवळात, म्हणजे कुडाच्या भिंतींच्या आपल्या छोट्या प्रार्थनामंदिरात, नथानिएल मास्तर उपदेशाला उभे राहिले. मास्तर शाळाही चालवत आणि उपासनाही. ते समुद्रकाठच्या शहरात शिकून आले होते आणि ते कुणी विसरू नये अशी त्यांची इच्छा असे.

मास्तर म्हणाले, "बंधुभगिनींनो, वादळ उठतं तेव्हा सगळं हलतं, डुलतं, वाहून जातं. मग टिकायचं कशाच्या जोरावर? नांगराच्या! ख्रिस्तावरचा भरवसा हाच आपल्या जिवाचा नांगर. तो ज्याच्यापाशी आहे त्याला भिण्याचं कारण नाही."

रिबका ताडकन उठून उभी राहिली. बायकांच्या बाजूने मधेच कुणी उठायची पद्धत नव्हती.

"मास्तर, पुन्यांदा सांगा," ती म्हणाली. "नांगरच म्हनलात न्हवं?"

"नांगरच," मास्तर खूश होऊन म्हणाले. "जिवाचा नांगर."

"आन्‌ त्यो बायांलाबी हाय?"

"प्रभूपाशी बाई-पुरुष असा भेद नाही."

झालं. रिबकाला हवं ते मिळालं. इतके दिवस ती देवाला विचारत होती की मी काय धरू, आणि देवाने मास्तरांच्या तोंडून स्वच्छ मराठीत उत्तर दिलं होतं. सोमवारी दिवस कासराभर वर आला तेव्हा ती पट्टीत होती आणि तिचे दोन्ही हात रुमण्यावर होते. पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ, वाकडं गेलं. दुसरं जरा बरं गेलं. तिसऱ्या तासाला बैलांना तिचा आवाज कळला. असं म्हणतात, की त्या दिवशी म्हातारा बैल तरण्यासारखा चालला आणि लंगडा लंगडायचं विसरला.

दुपारपर्यंत बांधावर गाव गोळा झालं. पाटील आले, त्यांच्यामागे दहा-बारा माणसं आली, आणि बोलावणं गेलं म्हणून घामाघूम होऊन मास्तरही आले.

"रबके," पाटील गरजले, "कुनाला इचारून हात लावलास?"

"देवाला," ती म्हणाली. "कालच सांगितलं त्यानं. जिवाचा नांगर धर म्हनला."

मास्तरांना काय झालं ते तेव्हा उमगलं आणि त्यांना हसू फुटलं. इथे मास्तरांना माफी नाही. त्यांनी खुशाल हसावं, पण पाटलासमोर हसायला नको होतं. ते म्हणाले, "अगं वेडे, हा नांगर नव्हे! तो जहाजाचा नांगर. लोखंडाचा मोठा आकडा असतो, दोराला बांधून पाण्यात सोडतात. शेतीशी त्याचा काय संबंध?"

मग सगळा बांध हसला. ख्रिस्ती हसले, गावकरी हसले, जे कधी एका ओळीत उभे राहिले नव्हते ते तिला हसायला एक झाले. रिबकाची कानशिलं तापली. क्षणभर तिला वाटलं, खरंच का आपण अडाणीपणाने देवाच्या तोंडी नसतं ते घातलं? मग तिने विचारलं, "मास्तर, आपल्या सावळीत जहाज कवा आलं व्हतं?"

"नाही आलं."

"मग नसलेल्या जहाजाचा नांगर आमाला कशापायी सांगता? बरं, त्यो तुमचा नांगर करतो तरी काय?"

"तळाला रुततो. रुतला की जहाज जागचं हलत नाही."

"माझाबी रुततोच की," रिबका म्हणाली. "रुततो आन्‌ फुडं जातो, येवढंच." आणि तिने बैलांना हाक दिली.

पट्टी चार दिवसांत नांगरून झाली. आता रान पड राहिलं नव्हतं. पण पाटलांनी चावडीवर निवाडा दिला की बाईने नांगरलेलं ते नांगरलेलं नव्हेच, सबब पट्टी पडच आहे. ढेकळं डोळ्यांसमोर उपडी पडलेली, तासं मोजून घ्यावीत अशी, आणि म्हणे पड! चावडीत बसलेल्या शहाण्यासुरत्या माणसांनी माना डोलावल्या. एकालाही वाटलं नाही की उठून रानात जाऊन बघावं.

त्या साली मृग कोरडा गेला. आर्द्राही कोरड्या गेल्या. मग काय विचारता! पाऊस कुठे गेला ते गावाला बरोबर माहीत होतं. रबकीने नांगर धरला म्हणून गेला. मागल्या दोन वर्षी तिने नांगर धरला नव्हता तेव्हा तो कुठे गेला होता, हे कुणी विचारलं नाही. तिला गावात काम मिळेना. वाण्याने तिच्या पदरात मीठ टाकायचं बंद केलं. पाटलांनी निरोप धाडला की तिने नांगर स्वतःच्या हाताने फोडावा आणि वेशीत नाक घासावं. वस्तीवरचे लोकही म्हणाले, "रिबका, ऐक. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायचंय."

"मला न्हाई का ऱ्हायचं?" ती म्हणाली. "आन्‌ माझ्या गिदोनला?"

नांगर घरी नेला तर कोणीतरी फोडेल म्हणून तिने तो पट्टीतच शेवटच्या तासात रोवून ठेवला आणि दिवसभर तिथेच राहू लागली. ती भीत नव्हती असं कुणी सांगितलं तर खरं मानू नका. ती भीत होती. कबरीपाशी बसून ती म्हणे, "देवा, माझं चुकलं आसंल तर मला काय करायचं ते कर. पर माझ्यापायी लोकांच्या लेकरांचा पाऊस आडवू नगंस." मग उठून रुमण्यावर हात ठेवी. लाकूड तापलेलं असे, पण हललेलं नसे. तेवढ्याने तिचा जीव जाग्यावर येई.

शेवटी गावाने ठरवलं की नदीपलीकडच्या देवीला साकडं घालायचं. सावळी आटली होती, पण उताराच्या जागी डोह होता आणि तिथे ताफा चाले. ताफा म्हणजे दोन होड्यांवर फळ्या ठोकून केलेला तराफा. काठापासून काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला असे, तो हाताने ओढत नावाडी ताफा पार नेई. त्या दिवशी गावातली चाळीस माणसं पलीकडे गेली. पाटील गेले, त्यांची म्हातारी आई गेली, लेकी-सुना गेल्या. दुपारी परत निघाली. आकाश निरभ्र होतं, ऊन लखलखत होतं.

पाऊस इथे पडला नव्हता. तो वर डोंगरात पडला होता. ताफा डोहाच्या मध्यावर आला आणि वळणावरून पाणी आलं, तांबडं, भिंतीएवढं, झाडं उपटून आणणारं. ताणलेला दोर पलीकडच्या काठाला तुटला, मग अलीकडच्याही काठाला तुटला, आणि त्याची एक लांब शेपटी ताफ्याला गुंतून राहिली. ताफा गरगरत खाली निघाला. खाली हाकेच्या अंतरावर धोंड्यांची घळ होती. तिच्यात गेलेलं लाकूडसुद्धा सबंध बाहेर येत नसे.

घळीच्या आधी एकच जागा होती, रिबकाची पट्टी. तिथे आता गुडघाभर पाणी चढलं होतं. रिबकाने बैल सोडून चढाकडे पिटाळले आणि वळून बघते तर ताफा आणि त्यावर चाळीस माणसं. नावाड्याने दोर फेकला. पहिला चुकला. दुसराही चुकला. तिसऱ्यांदा फेकला तो तिच्या छातीवर येऊन आदळला.

"बांध!" नावाडी ओरडला. "कशालाबी बांध!"

त्या उघड्या काठावर झाड नव्हतं की खुंट नव्हता. होता तो नांगर. तिने दोराचे वेढे नांगराला घातले, फाळ तासात दाबला आणि दोन्ही पाय त्यावर देऊन उभी राहिली.

आता पुढचं असं सांगतात. दोर ताणला गेला आणि नांगर चालू लागला. बैल नाही, जू नाही, सावळी नदी तो नांगर ओढत होती. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याखालची काळी माती उलथत नांगर निघाला आणि रिबका रुमणं धरून त्याच्यावर उभी होती. तिच्या तोंडात एकच शब्द होता, "येशू, धर." पट्टी संपत आली. माती संपली. फाळ गिदोनच्या कबरीच्या उशाशी आला, कातळाला लागला, कातळात वीतभर शिरला आणि थांबला. अख्खा काठ थरारला, पण नांगर हलला नाही, असं म्हणतात.

मग माणसं दोर धरून एकेक करत यायला लागली. त्यांना दुसरी वाट नव्हती. दोराने नांगरापर्यंत यायचं, रुमण्याला हात घालायचा, रिबकाच्या खांद्यावर भार द्यायचा आणि चढाकडे जायचं. पाटलाच्या सुना आल्या. पाटलाची आई आली आणि त्या म्हातारीने रुमण्याला अशी मिठी मारली की रिबकाला तिची बोटं सोडवावी लागली. पाटील आले. चाळीसच्या चाळीस आले, शेवटी नावाडी आला, आणि त्याने दोर सोडल्यावर रिकामा ताफा घळीत जाऊन त्याच्या काटक्या झाल्या. सूर्य तेव्हा चांगला वर होता.

आणि वर आल्यावर या वाचलेल्या माणसांनी काय केलं? ऐका. त्यांच्यातला एक जण, नाव घेऊन तोंड कशाला विटाळा, पुराच्या पाण्याशी वाकला आणि त्याने हात धुतले. दोर धरताना रबकीला हात लागला होता ना! त्याचं बघून दुसरा वाकला. मग तिसरा. रिबका बघत होती. तिचे तळवे सोलून रक्ताळले होते.

तेव्हा पाटलाची आई उठली. आयुष्यात ती चारचौघांत मोठ्याने बोलली नव्हती. ती म्हणाली, "मेल्यांनो, दोर धरताना कुठं गेल्ता तुमचा इटाळ?" आणि ती रिबकापाशी गेली, तिचे ते रक्ताळलेले, चिखलाचे हात आपल्या हातांत घेतले आणि स्वतःच्या पदराला पुसले.

पाटलांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "रिबकाबाई, पट्टी तुजी."

"माझीच व्हती," ती म्हणाली. "तुमी देनारे कोन?"

संध्याकाळी गावात पाऊस आला. आठ दिवस लागून राहिला.

नांगर कातळातून निघेना. आठ बैल लावले तरी निघेना. मग रिबका आली, रुमण्यावर हात ठेवला आणि एका झटक्यात काढला, असं म्हणतात. म्हणोत बापडे. त्याहून मोठी गोष्ट पुढल्या रविवारी घडली. नथानिएल मास्तर उपदेशाला उभे राहिले. ते म्हणाले, "मी तुम्हांला नांगर शिकवला आणि मलाच तो ठाऊक नव्हता. जिला ठाऊक आहे तिने सांगावं." रिबका उठली. "सांगायचं काय?" ती म्हणाली. "भ्या वाटतंच. हात काडायचा न्हाई." आणि खाली बसली. गिरणीत जायला बोचकी बांधलेल्या दोन घरांनी त्या रात्री बोचकी सोडली. वस्तीवरच्या लोकांनी त्या दिवसापासून तिला रबकाई म्हणायला सुरुवात केली. गावाला मात्र त्याला आणखी पंधरा वर्षं लागली.

ती म्हातारी होऊन गेली आणि गिदोनच्या शेजारी तिला ठेवलं. पट्टी आजही पेरली जाते. दर साली मृगाआधीच्या रविवारी, उपासना सुटली की, वस्ती आणि गाव तिथे जमतात. पहिलं तास बाई धरते. एका साली वस्तीवरची, दुसऱ्या साली गावातली. तिचं तास पुरं होईपर्यंत तळणखेडच्या शिवारात एकही पुरुष नांगराला हात लावत नाही. याला रबकाईचं तास म्हणतात. मग त्या तासातली ओली माती जो तो आपल्या हाताला लावतो, आणि त्याच मातीच्या हाताने सगळे बांधावर जेवायला बसतात, दोघांत एक ताट, आणि वस्तीवरच्याला ताटातला जोडीदार गावातला हवा. जेवण होईपर्यंत हात धुवायचे नाहीत.

एखादा अजूनही निघतो. कडेला जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून, तांब्याखाली हात धरतो. बायकांचं बरोबर लक्ष असतं. त्या शिव्या देत नाहीत, अंगावर जात नाहीत. सगळ्या मिळून एका आवाजात विचारतात, "दोर धरताना कुठं गेल्ता रं तुजा इटाळ?"

मग तो तांब्या खाली ठेवतो, वाकून पुन्हा माती घेतो आणि ताटावर येऊन बसतो.